गुडघेदुखीवर हळदीचा उतारा

— एक ऊस उत्पादक सभासद



लागण, खोडवा, खताची मात्रा यांविषयी या पत्रिकेत जाणकार मंडळी नेहमी लिहितात. मी आज गुडघ्यांविषयी लिहिणार आहे. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कधी मंडपाच्या मागे उभे राहून पाहा. ठरावाला हात वर करायला कुणाला अडचण नसते. पण शेवटी राष्ट्रगीतासाठी उभे राहायची वेळ आली की निम्मा मंडप पुढच्या खुर्चीला धरून कण्हत उठतो. रात्रीचे पाणी पाजताना चिखलातून पाय ओढणे, सरीत वाकून बेणे दाबणे, उकिडवे बसून भांगलण करणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, हे सगळे त्या गुडघ्यांनी चाळीस-पन्नास वर्षे सोसलेले असते. कुठल्याही ताळेबंदात या खर्चाचा रकाना नाही.

या दुखण्यावर आपल्यातले बहुतेक जण काय करतात? मेडिकलच्या दुकानातून दोन गोळ्या, नाही तर कुणीतरी सांगितलेला झाडपाला. हळद, सालईचा डिंक, गुळवेल, सुंठ, निर्गुडी, पारिजातक अशी नावे गावोगाव ऐकू येतात. या झाडपाल्यात दम आहे का, आणि असला तर किती, याचा हिशेब आपण सभासदांनी एकदा मांडावा, असे मला वाटते. तो मांडायची वेळ माझ्यावर कशी आली ते आधी सांगतो.

गोडदेवच्या आजींचा प्रश्न

मागच्या पावसाळ्यात मी दीड महिना मुलाकडे गोडदेवला राहून आलो. गोडदेव म्हणजे मीरा-भाईंदरमधले, भाईंदर स्टेशनच्या पूर्वेचे जुने गाव. मी निघालो तेव्हा गट ऑफिसातली मंडळी हसली, "साखरवाले निघाले गोडदेवाला!" एके काळी भाताची शेती आणि आसपास मिठागरे असलेला तो मुलूख. आज इमारतीला इमारत चिकटलेली आहे. मुलाचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या. रोज मोजल्या, त्यामुळे आकडा पक्का आहे.

खालच्या मजल्यावर मूळ गावातल्याच एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी भाताची लावणी केली, मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. त्यांचे गुडघे माझ्याहून वाकडे. मी सांगलीकडचा म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमचे गावची हलद चांगली असते ना?" आणि आतून एक डबी आणून दाखविली. नातवाने आणलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. महिन्याची डबी साडेआठशे रुपयांची. दुसऱ्या हातात एक कागदी पुडी, कुणाच्या तरी ओळखीतून आलेली. तिच्यावर ना नाव, ना गाव. दोन्ही अजून सुरू केलेली नव्हती. यातले कुठले घेऊ, असे त्यांनी मला विचारले. हळद पिकवणाऱ्याला तिचे गुण ठाऊक असणारच, असा त्यांचा भाबडा समज!

पुडीविषयी माझ्यापाशी उत्तर होते. ते आमच्या घराने फार महागात मिळविलेले होते. डबीविषयी मात्र मला काही सांगता येईना. चाळीस वर्षे हळद लावली, शिजवली, पॉलिश केली, सांगलीच्या बाजारात तिचे सौदे पाहिले, पण ती गुडघ्याला काय करते हे मला सांगता येत नव्हते. याची लाज वाटली. मग कॉलेजात शिकणाऱ्या नातीला हाताशी घेऊन वाचायला बसलो, तिकडच्या एका डॉक्टरांना विचारले आणि गावी आल्यावर आपल्याकडच्या वैद्यांशी बोललो. त्यातून माझे जे मत बनले, ते पुढे मांडतो आहे.

आमच्या घराला पुडी काय पडली

आधी पुडीचे सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंनी आठवडी बाजारातल्या एका विक्रेत्याकडून 'शुद्ध झाडपाल्याची' पूड घेतली. चौथ्या दिवशी दादा काठी टाकून मळ्यात गेले. घरात सगळ्यांना आनंद झाला. मीही दहा जणांना त्या पुडीची शिफारस केली, हे आज कबूल करतो. वर्षभरात दादांचा चेहरा गोल झाला, तेव्हा लोक म्हणाले, तब्येत सुधारली. पुढे कातडी कागदासारखी पातळ झाली, जरा लागले तरी काळे-निळे डाग पडू लागले, आणि कधी नव्हे ती साखर वाढली. मग एका पावसाळ्यात तो विक्रेता बाजारात येईनासा झाला आणि पुडी संपली. आठ दिवसांत दादा अंथरुणाला खिळले. उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब खाली गेला. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारले, "कुठली पूड खात होता?"

त्या पुडीत स्टेरॉईड मिसळलेले असणार, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. झाडपाल्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉईड सापडल्याचे प्रकार आपल्या देशात अनेकदा उघडकीला आले आहेत. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिले की शरीर आपले स्वतःचे बनविणे कमी करत जाते. मग पुडी एकाएकी बंद झाली की जिवावर बेतते. दादा वाचले, पण साखरेची गोळी कायमची मागे लागली. म्हणून ज्यांच्या घरात अशी पुडी वर्ष-सहा महिने चालू असेल त्यांना हात जोडून विनंती आहे. ती आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सल्ल्याने उतरवत आणा.

यावरून एक साधी खूण ध्यानात ठेवावी. खरा झाडपाला आठवड्यांच्या हिशेबाने काम करतो. जी पूड चार दिवसांत काठी टाकायला लावते, तिच्यात झाडाखेरीज दुसरे काहीतरी आहे असे समजावे.

सांध्यात नेमके काय होते?

आपण सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणून मोकळे होतो. पण वैद्यसुद्धा संधिगत वात आणि आमवात वेगळे मानतात. बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सारखे सुजणे आणि सकाळी तासन् तास आखडून राहणे हा एक आजार. युरिक ॲसिडने अंगठा लाल होऊन ठणकणे हा दुसरा. २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली, तिने महिनोन् महिने सांधे धरले, तो तिसरा. आणि वयाने, वजनाने, कष्टाने गुडघा झिजतो तो चौथा. आज बोलतो आहे तो या चौथ्याविषयी. सगळ्यांना एकच पूड देणारा माणूस म्हणजे आडसालीला, सुरूला आणि खोडव्याला एकच खत सांगणारा माणूस.

या चौथ्या दुखण्याला आपण नुसती झीज समजतो. बैलगाडीचा बुश झिजला, आता काय करणार! पण गोष्ट एवढीच नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजताना त्याचे बारीक कण सुटतात, त्याने सांध्याच्या आतले अस्तर चिडते, सूज धरते आणि पाणी भरते. ही सूज पुन्हा कूर्चेला खाते. म्हणजे झीज आणि दाह एकमेकांना वाढवत राहतात. झाडपाल्याचा दावा आहे तो या दाहावर. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते असे कोणी सांगत असेल, तर तो थाप मारतो.

हे दुखणे आपल्याकडे किती आहे, याची मोजदाद आपल्याच ऊसपट्ट्यात झालेली आहे. उजनीच्या पाण्याकाठचे भिगवण आपल्याला परके नाही. पुण्याच्या संधिवात केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ सालापासून तिथे घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कार्यक्रमातली ती पाहणी होती. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडासांध्यांचे दुखणे होते. झिजेचा संधिवात होता शंभरात पाच-सहांना. आपल्या सभासदांत पिकलेल्या केसांची मंडळी जास्त, तेव्हा आपल्यात हे प्रमाण याहून कमी असेल असे मला वाटत नाही.

हळदीचा उतारा किती?

आता डबीकडे वळतो. 'उतारा' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. विषावरचा उतारा, आणि उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा. हळदीच्या बाबतीत पहिला अर्थ समजायचा असेल तर आधी दुसरा लावावा लागतो.

शंभर किलो उसातून चांगल्या हंगामात अकरा-बारा किलो साखर निघते. हळदीतला जो पिवळा गुणकारी अंश, ज्याला कुरकुमिन म्हणतात, तो शंभर किलो सुक्या हळदीत साधारण दोन ते पाच किलो असतो. सरासरी तीन धरा. म्हणजे एक ग्रॅम कुरकुमिन पोटात जायला तेहेतीस-चौतीस ग्रॅम हळद खावी लागेल. दुधातल्या चमचाभर हळदीतून मिळते ते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आणि जेवढे पोटात जाते तेवढेही रक्तात उतरत नाही. बहुतेक तसेच बाहेर पडते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले की त्यासोबत मिऱ्यातला तिखट अंश दिला तर रक्तात उतरणारे प्रमाण वीसपट होते. हळदीच्या अनेक कॅप्सूलांत मिरी असते ती यामुळे. पण मूळ प्रमाणच इतके थोडे, की त्याची वीसपटही डोंगराएवढी होत नाही.

म्हणून रात्री हळदीचे दूध जरूर घ्यावे, सवयीने आणि समाधानाने घ्यावे. पण त्याने गुडघ्याचा दाह हटेल अशी आशा धरणे म्हणजे दोन कांड्या चघळून पोते भरायची वाट पाहण्यासारखे आहे.

मग अर्काच्या गोळ्यांचे काय? तिथे मात्र हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. मुंबईत डॉ. सातोस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर कुरकुमिन देऊन ते त्या काळच्या एका नामांकित दाहशामक गोळीशी ताडून पाहिले होते, आणि ते कामाचे आढळले होते. पुढे थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज दीड हजार मिलिग्रॅम हळदीचा अर्क दिला, निम्म्यांना आयबुप्रोफेन. चार आठवड्यांनी वेदना दोन्हीकडे सारख्याच कमी झालेल्या, आणि पोटाचा त्रास अर्कवाल्यांना कमी. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात ७० रुग्णांना बारा आठवडे अर्क किंवा तसेच दिसणारी पोकळ गोळी देऊन पाहिले. अर्कवाल्यांची वेदना जास्त कमी झाली. पण एमआरआय काढून पाहिले तर सांध्यातली सूज आणि पाणी यांत फरक नव्हता.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. दुखणे कमी होते ही चांगलीच गोष्ट. पण आतले बिघडलेले दुरुस्त झाले असे त्यावरून ठरत नाही.

सालईचा डिंक

दुसरे नाव सालईचे. सातपुड्यात, मेळघाटात, विदर्भाच्या डोंगरांवर हे झाड मुबलक. नेपानगरच्या गिरणीत याच लाकडापासून वर्तमानपत्राचा कागद बनत असे, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी नकळत सालईवर छापलेल्या बातम्या वाचल्या असतील! त्याच्या खोडाला चीर दिली की सुवासिक डिंक पाझरतो. तोच शल्लकी. त्यातली आम्ले शरीरातला दाह पेटविणारी एक साखळी अडवतात, आणि ती साखळी नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अडवतात तिच्याहून वेगळी आहे.

याची परीक्षाही महाराष्ट्रातच झाली. १९९१ साली पुण्याच्या डॉक्टरांनी अश्वगंधा, सालई, हळद आणि जस्त यांचे मिश्रण ४२ रुग्णांना देऊन पाहिले. नागपूरला नुसत्या सालईच्या अर्काची ३० रुग्णांवर चाचणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे पद्धत अशी, की खरे औषध कोणते आणि पोकळ कोणते हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. ठरलेल्या मुदतीनंतर दोघांची अदलाबदल. दोन्हीकडे औषधाच्या काळात दुखणे कमी झाले. नागपूरच्या रुग्णांचा गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. आणि दोन्हीकडे एक्स-रेच्या फोटोत काहीही फरक नव्हता.

मग २०१३ साली डॉ. चोप्रा यांच्या गटाने मोठी चाचणी प्रसिद्ध केली. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांचे अर्क एकीकडे, नेहमीच्या दोन डॉक्टरी औषधांचे गट दुसरीकडे. आराम चौघा गटांत जवळजवळ सारखाच मिळाला. झाडपाला घेणाऱ्यांपैकी काही जणांत यकृताची एक तपासणी मात्र वाढलेली आढळली. औषध थांबविल्यावर ती पूर्ववत झाली. संशोधकांनी तेही झाकून न ठेवता छापले. असल्या माणसांवर विश्वास ठेवावा असे मला वाटते.

आणि मिरचीचेही ऐका. तिच्यातला तिखट अंश घातलेले मलम गुडघ्याला लावायला आज जगभर डॉक्टर सांगतात. हा तिखट अंश अंगातल्या ज्या कडीवर बोट ठेवतो, ती शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण म्हणून घरची मिरची वाटून कोणी गुडघ्याला बांधू नये. बिब्बा घालून फोड आणणाऱ्यांची फजिती आपण पाहिलेलीच आहे.

झाडाचे आहे, म्हणून निर्धोक?

आपल्यात एक वाक्य फार चालते, "झाडपाल्याने फायदा नाही झाला तरी तोटा नाही." हे वाक्य खोटे आहे. ज्यात फायदा करायची ताकद आहे, त्यात तोटा करायचीही असतेच. युरिया कमी पडला तर पीक पिवळे, जास्त झाला तर ऊस लोळला. धोतराही झाडच, कण्हेरही झाडच.

मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि वाद झाला. २०२२ साली अमेरिकेतून हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या दहा जणांची नोंद प्रसिद्ध झाली. कोट्यवधी लोक हळद खातात, त्यामानाने हे आकडे लहान आहेत. भाजीतल्या हळदीला भ्यायचे काही कारण नाही. पण अर्काची गोळी म्हणजे भाजी नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. मिऱ्याचा अंश असलेली गोळी दुसऱ्या औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवू शकते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर त्याच दिवशी गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

तसे डॉक्टरी गोळ्याही काही तुळशीपत्र नाहीत. डायक्लोफेनॅकसारखी गोळी वर्षानुवर्षे मनाने खाणारे पोटाचा व्रण आणि मूत्रपिंडाचा आजार ओढवून घेतात. म्हणून 'ॲलोपथी वाईट, आयुर्वेद चांगला' किंवा त्याच्या उलट, ही भांडणे मला पटत नाहीत.

वजनकाटा सर्वांना सारखाच

माझे मत थोडक्यात असे. झाडपाल्याला हसणारे शिकलेले लोक चुकतात, कारण वर सांगितलेल्या चाचण्यांत काही झाडे खरोखर उतरलेली आहेत. आणि झाडपाल्याची शपथ घेणारे आपण लोकही चुकतो, कारण आराम मिळाला आहे तो माफक, ठरावीक मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी, आणि तपासलेल्या अर्काने. रस्त्यावरच्या पुडीने नव्हे.

आपण गाडी भरून ऊस आणतो तेव्हा 'आमचा ऊस फार वजनदार आहे' असे म्हटल्यावर कारखाना पैसे देतो का? काट्यावर गाडी चढवावी लागते. काट्यात गडबड वाटली तर आपणच ओरडतो. मग गुडघ्यावरचे औषध मात्र न तोलता का घ्यायचे?

हळदीच्या पेटंटची गोष्ट आठवा. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ साली तिथल्या एका विद्यापीठाला दिले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करून घेतले. सगळ्या देशाला अभिमान वाटला. पण तो लढा 'आमच्या आजीला ठाऊक होते' एवढे म्हणून जिंकला गेला नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे छापील पुरावे पुढे ठेवले तेव्हा जिंकला. जखमेसाठी दिलेला पुरावा गुडघ्याला चालत नाही. गुडघ्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.

आणि खरे सांगायचे तर, ज्या उपायांचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ते फुकटचे आहेत. एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, असे मोजले गेले आहे. दुसरा, मांडीचे स्नायू बळकट करणे. खुर्चीवर बसा, एक पाय सरळ समोर उचला, दहा अंक मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मी गोडदेवला हे सुरू केले. तिथून निघताना त्या चौपन्न पायऱ्या मी एकदाच थांबून उतरलो. पहिल्या आठवड्यात चार वेळा थांबत होतो. पण डॉक्टरांनी पूड लिहून दिली नाही, नुसता पाय उचलायला सांगितला, तर आपण म्हणतो, "ह्यो कसला डॉक्टर!"

संचालक मंडळाला विनंती

आता कारखान्याकडे चार गोष्टी मागतो.

पहिली. बंद हंगामात प्रत्येक गट ऑफिसवर एक दिवस सांध्यांची तपासणी व्हावी. अस्थिरोगतज्ज्ञ, शिकलेले वैद्य आणि व्यायाम शिकविणारा माणूस, तिघेही एका टेबलावर असावेत. म्हणजे सभासदाला दोन्हीकडचे दोन तोंडांनी ऐकायला नको.

दुसरी. गळीत सुरू झाल्यावर हीच तपासणी ऊसतोड मजुरांच्या तळावर व्हावी. आपण निदान स्वतःच्या रानात राबतो. ती माणसे आपल्या उसासाठी घरदार सोडून येतात, आणि त्यांच्या बायका पहाटे चारला थंडीत मोळ्या उचलतात. पुडीवाले सगळ्यात जास्त फिरतात ते त्यांच्या खोपटांवरून.

तिसरी. सभेच्या दिवशी कारखान्याच्या आवारात आणि गेटबाहेर असल्या पुड्यांचे एकही दुकान लागू देऊ नये. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून कायदा आहे. तो राबविणारे सरकार आहे, पण आपले गेट तर आपल्या हातात आहे.

चौथी मागणी आपणा हळद उत्पादकांकडेच आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आपण क्विंटलने विकतो ती हळद शहरात कॅप्सूलमध्ये ग्रॅमने विकली जाते. मधला पैसा आपल्याला मिळावा असे कुणालाही वाटेल, मलाही वाटते. पण बांगलादेशात रंग खुलावा म्हणून हळदीत शिशाचा रंग मिसळत असल्याचे २०१९ साली संशोधकांनी उजेडात आणले, आणि हळद बदनाम झाली. आपल्या मालाचा उतारा आणि शुद्धता तपासून द्यायची सोय सभासदांनी मिळून केली, तर भाव आपोआप येईल. 'गुडघे बरे होतात' असे खोटे लिहून तो मिळवायला नको.

कुणी म्हणेल, कारखान्याचे काम ऊस गाळण्याचे, गुडघे बघण्याचे नाही. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. बंद हंगामात आपण मिलच्या रोलरपासून बॉयलरच्या नळीपर्यंत सगळ्याची दुरुस्ती-देखभाल करतो. ज्या पायांवर हा कारखाना उभा आहे, त्यांची देखभाल कुठल्या हंगामात करायची?

गोडदेवच्या आजींना मी शेवटी काय सांगितले, ते सांगून थांबतो. पुडी त्यांच्या देखत नातवाकडून फेकून दिली. ती सुरूच केलेली नव्हती, म्हणून ते चालले. डबी त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितली. त्यांना रक्तदाबाची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू होती, म्हणून डॉक्टरांनी ती नको म्हटले. आजी जरा हिरमुसल्या. मग मी त्यांना खुर्चीवर बसवून पाय उचलायला शिकविले. दहा मोजता मोजता त्या म्हणाल्या, "याला पैसे नाय लागत काय?"

मी म्हटले, "नाही आजी. म्हणूनच कोणी विकत नाही."

गावी आल्यावर त्यांना पाच किलो हळद पाठवून दिली. भाजीत घालायला.